हलक्या गाड्या, अवघड वाटा

मोटारीच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवण्याची कल्पना जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. नेदरलँड्समधील स्पायकर बंधूंनी १९०३ सालीच अशी गाडी बनवून दाखवली होती. सर्वसामान्यांना ती कल्पना परिचयाची झाली ती मात्र दुसऱ्या महायुद्धातील जीपमुळे, आणि त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत ‘फोर बाय फोर’ म्हटले की उंच, रुंद, अवजड आणि महागडी गाडीच डोळ्यांपुढे यावी, इतका या प्रकाराचा आकार फुगत गेला. त्याच काळात जपान, इटली, सोव्हिएत रशिया आणि भारत या देशांत या गाड्यांचा एक धाकटा वंशही वाढत होता. त्यातल्या बहुतेक गाड्यांची लांबी चार मीटरच्या आत, वजन टनभर किंवा त्याच्या आसपास, इंजिन बेताचे, आणि किंमत डोंगरातल्या गावच्या पोस्टमनला किंवा वीजमंडळाच्या कर्मचाऱ्याला आवाक्यातली वाटावी अशी असे. या गाड्यांचा लहान आकार ही पैशाअभावी पत्करलेली तडजोड होती, असा समज सर्रास आढळतो. परंतु अवघड वाटेवर त्यांना मिळणारे यश बऱ्याच अंशी त्या आकारातूनच येते, असे त्यांच्या रचनेकडे आणि इतिहासाकडे बारकाईने पाहिल्यावर दिसून येते.

रचनेपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळतो, आणि त्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी बसवलेली असते. वळणावर बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभा देणे हे या पेटीचे काम होय. डांबरी रस्त्यावरची ही सोय चिखलात मात्र अंगाशी येते, कारण डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देते. एक चाक निसरड्या गाळात आणि दुसरे घट्ट मुरुमावर असेल, तर गाळातले चाक नुसतेच गरगर फिरते आणि त्याला लागतो तेवढाच तुटपुंजा जोर मुरुमावरच्या चाकाच्याही वाट्याला येतो. परिणामी इंजिन ओरडत राहते आणि गाडी जागची हलत नाही. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची आणखी एक पेटी असते, जिच्यातून एक दांडा मागच्या आसाकडे आणि दुसरा पुढच्या आसाकडे जातो, त्यामुळे मागची चाके घसरू लागली तरी पुढची चाके गाडीला ओढून बाहेर काढू शकतात.

यातही दोन पद्धती आहेत. पहिलीत चारही चाकांचा जोर चालकाने हवा तेव्हाच जोडायचा असतो आणि जोडल्यावर पुढचा व मागचा दांडा एकाच गतीने फिरतो. ओल्या मातीत, वाळूत किंवा बर्फात चाके थोडीफार सरकून ताण सोडून देतात म्हणून हे चालते, पण कोरड्या डांबरावर तशीच गाडी वळवली तर टायर घासले जातात, स्टिअरिंग जड होते आणि सांध्यांवर ताण चढत जातो. दुसऱ्या पद्धतीत पुढच्या-मागच्या दांड्यांमध्ये तिसरे डिफरन्शियल किंवा दाट सिलिकॉन द्रवात फिरणाऱ्या चकत्यांचा सांधा बसवून जोर कायम, किंवा गरजेनुसार आपोआप, चारही चाकांना दिला जातो. पहिली पद्धत स्वस्त, दणकट आणि दुरुस्तीला सोपी असल्यामुळे लहान गाड्यांच्या जुन्या पिढ्यांनी प्रायः तीच स्वीकारली.

भारतात १९८५ च्या डिसेंबरात आलेली मारुती जिप्सी हे तिचे आपल्याकडचे सर्वांत परिचित उदाहरण होय. अनेक जिप्सींच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हाताने फिरवायची एक चकती असे. रोजच्या वापरात ती ‘फ्री’वर ठेवली की पुढच्या आसाचे दांडे चाकांबरोबर विनाकारण फिरत नसत आणि पेट्रोलची थोडी बचत होई. चिखल समोर दिसला की चालकाने खाली उतरून आधी एका बाजूची आणि मग दुसऱ्या बाजूची चकती ‘लॉक’वर आणायची, पुन्हा आत बसून गिअरच्या दांड्याशेजारचा आखूड दांडा ‘टू-एच’वरून ‘फोर-एच’वर ओढायचा, आणि वाट फारच बिकट असेल तर गाडी पूर्ण थांबवून तोच दांडा न्यूट्रलमधून ‘फोर-एल’मध्ये टाकायचा, असा तो विधी होता. शहाणा चालक हे सारे चिखलात शिरण्यापूर्वी उरकत असे, कारण गाडी रुतल्यावर आसापर्यंत गाळात बुडालेल्या चाकाची चकती चाचपडत फिरवण्याची पाळी येई. ‘फोर-एल’ म्हणजे बोलीतला ‘लो गिअर’, आणि लहान इंजिनाच्या गाडीत त्याचे महत्त्व सर्वाधिक. ट्रान्स्फर केसमधल्या या जादा दातेरी चाकांमुळे गाडीचा वेग घटतो आणि त्याच प्रमाणात चाकांवरचा जोर वाढतो; तिच्याच वंशातल्या आजच्या सुझुकी जिम्नीत ही वाढ जवळपास दुप्पट आहे. दगडधोंड्यांच्या चढावर माणसाच्या चालीपेक्षाही हळू, इंजिन बंद न पडता आणि क्लच न जाळता चढत जाणे, तसेच उतारावर ब्रेक न दाबता इंजिनाच्या आधाराने खाली येणे शक्य होते ते या गिअरमुळेच. मोठे इंजिन परवडत नसेल तर दातेरी चाकांनी त्याची उणीव भरून काढायची, असा हा साधा हिशेब आहे.

आता वजनाकडे वळावे. घट्ट जमिनीवर गाडी जड असली काय किंवा हलकी असली काय, पकडीच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही, कारण वजन वाढले की टायरची पकडही वाढते आणि ओढायचा भारही तितकाच वाढतो. मऊ जमिनीवर मात्र गणित पालटते. तिथे प्रश्न असतो टायरच्या प्रत्येक चौरस इंचाखालच्या मातीवर किती दाब पडतो याचा, आणि तो दाब मातीच्या सोसण्यापलीकडे गेला की चाक खाली जाऊ लागते, समोर मातीचा बांध उभा राहतो व गाडीची ताकद पुढे जाण्याऐवजी तो बांध रेटण्यात खर्ची पडते. सुमारे एक टनाची जिप्सी ओल्या वाळूवरून जिथे निघून जाते तिथे दोन-अडीच टनांची आलिशान गाडी, तिच्या इंजिनात चौपट बळ असूनही, पोटापर्यंत रुतू शकते. रुतल्यानंतरचा फरक तर आणखी बोलका आहे. हलक्या गाडीला चार माणसे धक्का देऊन, फार तर एक कोपरा उचलून चाकाखाली दगड सारून बाहेर काढू शकतात, तर जड गाडीसाठी ट्रॅक्टर किंवा जेसीबी शोधावा लागतो.

लांबी-रुंदीचाही असाच लाभ मिळतो. कोकणातल्या दोन गडग्यांमधल्या पाणंदीत किंवा सह्याद्रीतल्या वाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर रुंद गाडीला शिरताच येत नाही, आणि समोरून बैलगाडी आली तर बाजू द्यायला जागा उरत नाही. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराला चाकांतर म्हणतात. हे अंतर जितके कमी, तितका एखाद्या उंचवट्यावरून जाताना गाडीचे पोट टेकण्याचा धोका कमी. तीन दारांच्या जिम्नीत हे अंतर २२५० मिलिमीटर आहे आणि ती २८ अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडते. भारतासाठी बनवलेल्या पाच दारांच्या नमुन्यात ते ३४० मिलिमीटरने वाढवताच हा आकडा २४ अंशांवर आला. मागच्या आसनावरच्या प्रवाशांचे पाय लांब होण्याची किंमत ही अशी मोजावी लागते. बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडून मध्ये मातीची वरंब राहिलेल्या पाणंदीत हे चार अंश अगदी प्रत्यक्ष जाणवतात.

जीपचा जन्मसुद्धा लहान गाडीच्या मागणीतून झाला होता, हे आज अनेकांच्या लक्षात राहिलेले नाही. अमेरिकी लष्कराने १९४० साली मागवलेल्या गाडीची पहिली वजनमर्यादा अवघी १३०० पौंड, म्हणजे ५९० किलोच्या आसपास होती. ती पाळणे कुणालाच शक्य झाले नाही आणि प्रत्यक्षातली जीप टनभराची झाली, तरीही सैनिकांना ती हातांनी ढकलता येई हा तिचा मोठा गुण मानला गेला. युद्धानंतर महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज कंपनीच्या याच जीपची जुळणी सुरू केली, आणि भारतीय ग्रामीण जीवनात सरकारी अधिकारी, निवडणुकीचा प्रचार आणि वडाप वाहतूक यांच्याशी जीपचे जे नाते जडले त्याची सुरुवात तिथे झाली.

हा वंश लहान राहिला तो जपानात, आणि त्यामागे तिथला एक कायदा होता. युद्धोत्तर जपानने ‘केई’ नावाचा छोट्या वाहनांचा वर्ग ठरवून त्याला कर आणि नोंदणीत सवलती दिल्या. १९७० च्या सुमारास या वर्गाची मर्यादा तीन मीटर लांबी, १.३ मीटर रुंदी आणि ३६० घन सेंटिमीटर इंजिन अशी होती. होप मोटर नावाच्या एका छोट्या कंपनीने या मर्यादेत बसणारी ओएन३६० ही चारही चाकांना जोर देणारी गाडी तयार केली, पण ती विकण्याचे बळ कंपनीकडे नव्हते. तिचे हक्क १९६८ मध्ये सुझुकीने घेतले, आणि या व्यवहारासाठी आग्रह धरणारे ओसामू सुझुकी पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. भारतात मारुतीशी भागीदारी करणारे तेच हे ओसामू. गाडीत सुझुकीचे स्वतःचे ३५९ घन सेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे आणि २५ अश्वशक्तीचे इंजिन बसवून १९७० च्या एप्रिलमध्ये ‘जिम्नी एलजे१०’ बाजारात आली. तिची एक गंमत सांगण्याजोगी आहे. जादा चाक प्रथेप्रमाणे पाठीवर टांगले असते तर लांबी तीन मीटरच्या पुढे गेली असती आणि करसवलत हुकली असती, म्हणून ते आतल्या बाजूला, चालकाच्या मागे उभे बसवण्यात आले. त्यामुळे चौथ्या माणसाची जागा गेली आणि जिम्नीची पहिली पिढी तीन आसनांची झाली. कायद्याच्या चौकटीत गाडी बसवण्यासाठी माणूस उतरवला, चाक उतरवले नाही.

मर्यादा पुढे सैलावत गेली, १९७६ मध्ये इंजिनाची कमाल क्षमता ५५० आणि १९९० मध्ये ६६० घन सेंटिमीटर झाली, आणि जिम्नीही तिच्यामागोमाग वाढली. परंतु पायाभूत मांडणी, म्हणजे शिडीसारखी लोखंडी सांगाड्याची चौकट, पुढे आणि मागे सलग घट्ट आस, आणि वेगळा लो गिअर, आजतागायत बदललेली नाही. या मांडणीचा लाभ असा, की एक चाक दगडावर चढून वर गेले की त्याच आसाचे दुसरे चाक आपोआप खाली रेटले जाऊन जमीन धरून ठेवते. तोटा इतकाच, की गुळगुळीत महामार्गावर अशी गाडी हेलकावे खाते आणि ताशी शंभरच्या पुढे तिच्यात निवांत बसणे कठीण होते.

जपानमध्ये जिम्नीच्या जन्माच्या सुमारास दुसरी वाटही फुटली, आणि तिची पार्श्वभूमी या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ईशान्य जपानच्या तोहोकू प्रदेशात हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडतो आणि तिथल्या वीज कंपनीच्या तारजोडणी कामगारांना डोंगरातल्या वाहिन्यांची पाहणी करत फिरावे लागे. त्यांच्याकडे जीप होत्या, पण त्या थंडीत कुडकुडवणाऱ्या आणि लांबच्या प्रवासाला त्रासदायक होत्या. म्हणून कंपनीने मियागी येथील सुबारू वितरकाकडे साध्या मोटारीसारखी उबदार, पण चारही चाकांनी चालणारी गाडी मागितली. वितरकाच्या कर्मचाऱ्यांनी सुबारूच्या एफएफ-१ गाडीच्या मागच्या बाजूला निस्सान ब्लूबर्डचा आस जोडून नमुना उभा केला, आणि त्यातूनच १९७२ मध्ये ‘लिओन’ या गाडीची चारही चाकांची आवृत्ती नियमित उत्पादनात आली. पुढे अब्जावधींचा व्यवसाय झालेल्या एका तंत्राची मागणी साहसी पर्यटकांनी केलेली नव्हती. विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसांना वेळेवर पोचायचे होते, एवढेच तिचे मूळ. आजही जपानच्या बर्फाळ भागात अल्टो आणि वॅगनआर यांसारख्या, भारतीय घरांत ओळखीच्या असलेल्या गाड्या चारही चाकांच्या आवृत्तीत मिळतात, तर भारतात मात्र त्या केवळ दोन चाकांच्याच आल्या.

युरोपातले या प्रकारातले सर्वांत गोड उदाहरण म्हणजे फियाट पांडा. जोर्जेत्तो जुजारो यांनी आरेखन केलेल्या या चौकोनी, काटकसरी गाडीला १९८३ मध्ये ऑस्ट्रियातील श्टायर-पुख कंपनीने तयार केलेली चारही चाकांची यंत्रणा मिळाली. इंजिन आडवे बसवलेल्या छोट्या गाडीत असा प्रयोग यशस्वी करणाऱ्यांत पांडा अग्रणी होती, आणि ९६५ घन सेंटिमीटरचे ४८ अश्वशक्तीचे इंजिन तिला पुरले, कारण तिचे वजन साडेसातशे किलोंच्या आतच होते. तिला वेगळा लो गिअर नव्हता. त्याऐवजी पहिला गिअरच इतका आखूड ठेवला होता, की सपाट रस्त्यावर चालक थेट दुसऱ्याने गाडी सुरू करत. आल्प्समधल्या खेड्यांत ती दूधवाले, वनरक्षक आणि पाद्री यांची गाडी झाली, आणि नंतर बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी येणाऱ्या श्रीमंतांनीही ती उचलली. खुद्द फियाटचे प्रमुख जान्नी अन्येल्ली सेंट मॉरिट्झमध्ये पांडा फोर बाय फोर वापरत. गरिबांची वस्तू श्रीमंतांच्या हौसेची होण्याचा हा क्रम पुढे जिम्नीच्या बाबतीतही दिसतो.

सोव्हिएत रशियातील लाडा निवा थोड्या वेगळ्या वाटेने आली. पंतप्रधान अलेक्सेई कोसिगिन यांनी खेड्यातल्या माणसासाठी गाडी बनवण्याची सूचना १९७० मध्ये केली, आणि तोल्याती येथील कारखान्यातून १९७७ पासून निवा बाहेर पडू लागली. ट्रकासारखी वेगळी चौकट न वापरता साध्या मोटारीसारखे एकसंध अंग, पुढच्या चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना कायम जोर, मधले डिफरन्शियल आणि लो गिअर, हे सगळे एकत्र देणारी इतकी स्वस्त गाडी त्या काळी पश्चिमेकडेही नव्हती. तिची जोडणी ओबडधोबड असे, अंगाला गंज लवकर चढे. तरीही थोड्याफार फरकाने ती अजून बनतेच आहे.

भारतात जिप्सीचा प्रवास मात्र शेतकऱ्याच्या दिशेने झाला नाही, आणि या गोष्टीचा विचार करणे उद्बोधक आहे. कागदोपत्री तिच्यात सगळे होते. ९७० घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, लांब चाकांतर आणि कापडी छप्पर. पण तिचे पेट्रोल महाग पडे आणि गावच्या माणसाला माणसे व माल दोन्ही वाहणारी डिझेलची जीप जास्त कामाची वाटे. शेतीच्या वाटेवर तर खरा प्रतिस्पर्धी ट्रॅक्टर होता. मोठी चाके, डिझेल इंजिन, ट्रॉली ओढण्याची ताकद आणि शेतीसाठी सहज मिळणारे कर्ज, यांच्यापुढे छोट्या गाडीला शिवारात जागाच उरली नाही, आणि एकट्या माणसाच्या फेऱ्यांसाठी मोटारसायकल होतीच. जपानमधल्या शेतकऱ्याने चारही चाकांचा छोटा केई ट्रक जसा घरचा केला, तसा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने केला नाही यामागे आवडीनिवडीपेक्षा ही बाजारातली मांडणी होती.

जिप्सीला आश्रय दिला तो लष्कराने, पोलिसांनी आणि वनखात्याने. हिमालयात उंचावर, विरळ हवेत, अरुंद वळणांवर हलकी गाडी उपयोगी पडते हे सेनादलांनी ओळखले आणि ऑलिव्ह रंगाची जिप्सी त्यांच्या प्रत्येक छावणीत दिसू लागली. याच उंचीच्या संदर्भात एक नोंद उल्लेखनीय आहे: चिलीमधील दोघांनी २००७ मध्ये जिप्सीच्या भावंडांपैकी असलेली, सुधारलेल्या इंजिनाची सुझुकी सामुराई ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६६८८ मीटरपर्यंत नेली होती. नागरी जीवनात मात्र जिप्सी बहुतेकांना भेटते ती जंगलात. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पात किंवा पेंचमध्ये ‘जिप्सी मिळाली का?’ हा प्रश्न विचारताना पर्यटकाच्या मनात कुठलीच विशिष्ट कंपनी नसते. सफारीची उघडी गाडी म्हणजे जिप्सी, इतके ते नाव रुळले आहे. आखलेल्या कच्च्या रस्त्याबाहेर जाण्याची तिथे मनाई असल्यामुळे चारही चाकांचा जोर तिथे क्वचितच लागतो, आणि वाघ दिसल्यावर मागे-पुढे होण्याच्या घाईत गाडीचा आटोपशीरपणाच जास्त कामी येतो.

परवडण्याजोगेपणा हा मुद्दा केवळ शोरूममधल्या किमतीपुरता पाहणे अपुरे ठरते. अवघड वाटेवर गाडीला ओरखडे येणारच, बंपर दगडावर आपटणारच, करवंदीची जाळी रंग खरवडणारच. ज्या गाडीच्या एका दिव्याची किंमत हजारांत नव्हे तर लाखात आहे, तिचा मालक अशा वाटेवर शिरण्याआधीच विचारात पडतो आणि बहुधा परत वळतो. स्वस्त गाडी या धास्तीतून मोकळी करते. तालुक्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला जिचे इंजिन पाठ आहे, जिचे सुटे भाग नेहमीच्या दुकानात मिळतात आणि जिच्या आसाचे वंगण घरच्या अंगणात बदलता येते, तीच गाडी माणूस खरोखर वापरतो. चारही चाकांची क्षमता असलेल्या अनेक महागड्या गाड्यांनी आयुष्यात एकदाही चिखल पाहिलेला नसतो, हे शहरांत सहज दिसणारे सत्य आहे.

असे असले तरी या गाड्यांच्या मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आखूड, अरुंद आणि उंच गाडी वेगात वळवली की कलंडण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकनियतकालिकाने १९८८ मध्ये याच कारणावरून सामुराईला अस्वीकार्य ठरवले, सुझुकीने १९९६ मध्ये त्याविरुद्ध दावा लावला आणि तो वाद २००४ मध्ये तडजोडीने मिटला. वाद कसाही मिटला असला, तरी तिथली विक्री कोसळली. भारतातही १९९३ मध्ये चाकांमधली रुंदी वाढवलेली जिप्सी आणण्यात आली. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. चारही चाकांचा जोर गाडीला निघायला आणि चढायला मदत करतो, थांबायला करत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच, त्यामुळे ओल्या घाटरस्त्यावर उतरताना ‘आपली फोर बाय फोर आहे’ या भरवशावर वेग वाढवणारा चालक स्वतःला फसवत असतो. टायरचा प्रश्नही तसाच. मराठवाड्यातली किंवा विदर्भातली काळी माती पावसात टायरच्या खाचांत अशी चिकटून बसते, की काही फेऱ्यांतच टायरचे गुळगुळीत गोळे होतात आणि मग चारही चाके एकाच वेळी जागच्या जागी फिरतात. तिथे चिखलाचे खोल खाचांचे टायर नसतील, तर आणखी दोन चाकांना जोर मिळाल्याने साधणारे फारसे काही उरत नाही. शिवाय दोन्ही आसांवरची डिफरन्शियल साधीच असली, तर तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके हवेत लटकताच गाडी अडते. त्यावर उपाय म्हणून जिम्नीत फिरत्या चाकाला आपोआप ब्रेक लावला जातो, आणि पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये दोन्ही डिफरन्शियल कुलूपबंद करण्याची सोय आहे.

नवे सुरक्षानियम आणि प्रदूषणाचे निकष यांच्यापुढे जिप्सीची नागरी विक्री २०१९ मध्ये थांबली, आणि चार वर्षांनी, २०२३ च्या जूनमध्ये, पाच दारांची जिम्नी १२ लाख ७४ हजार रुपयांपासून भारतात आली. लांबी ३९८५ मिलिमीटर, वजन सुमारे बाराशे किलो, इंजिन दीड लिटरचे. म्हणजे वंशाचे गुण तिने बऱ्यापैकी राखले. तरीही ती भारतात अपेक्षेइतकी खपली नाही. एक कारण करात आहे. लहान पेट्रोल गाडीला मिळणारा कमी कर लागू व्हायचा, तर लांबी चार मीटरच्या आत असून भागत नाही, इंजिनही १२०० घन सेंटिमीटरच्या आत लागते, आणि जिम्नीचे इंजिन १४६२ घन सेंटिमीटरचे आहे. दुसरे कारण ग्राहकाच्या नजरेत आहे. तेवढ्याच पैशात अधिक रुंद, अधिक सजलेली गाडी मिळत असताना चार जणांच्या कुटुंबाला अरुंद आसने आणि तोकडी डिकी पटत नाही. महिंद्र कंपनीने थार या जीपवजा गाडीची केवळ मागच्या चाकांना जोर देणारी स्वस्त आवृत्ती २०२३ च्या जानेवारीत आणली, तिला मिळालेला प्रतिसाद हेच दाखवतो, की रांगड्या गाडीचे रूप हवे असणाऱ्यांची संख्या रांगड्या वाटेवर जाणाऱ्यांपेक्षा खूप मोठी आहे. ही टीका म्हणून घ्यायची गरज नाही. बहुतेकांचे रस्ते आता डांबरी झाले आहेत, आणि ज्याला घाटमाथ्यावरच्या वाडीपर्यंत पावसाळ्यात रोज जायचे नाही त्याने पुढच्या आसाचे पैसे का मोजावेत?

गुरुग्रामच्या कारखान्यात तयार होणारी हीच पाच दारांची जिम्नी ‘नोमाड’ या नावाने २०२५ च्या जानेवारीअखेरीस जपानमध्ये जाहीर झाली, तेव्हा महिन्याला सुमारे १२०० गाड्या विकण्याचा सुझुकीचा अंदाज होता. चार दिवसांत मागणी पन्नास हजारांच्या घरात गेली आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. याच्या नेमके उलट युरोपात घडले होते. कार्बन उत्सर्जनाच्या कडक नियमांमुळे तिथे तीन दारांची जिम्नी प्रवासी गाडी म्हणून टिकू शकली नाही, आणि २०२१ पासून ती मागची आसने काढून, दोन जणांचे व्यापारी वाहन म्हणून विकली गेली. २०१९ मध्ये जागतिक पुरस्कारांत तिला ‘वर्षातील सर्वोत्तम शहरी गाडी’ ठरवण्यात आले होते, हेही या विसंगतींच्या यादीत जमा करायला हरकत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या तंत्राचा एक जुना खर्च वाचवला आहे. पुढच्या आसाला एक आणि मागच्या आसाला एक अशा दोन विद्युत मोटर बसवल्या की ट्रान्स्फर केस, लांब दांडे आणि त्यांचे सांधे यांची गरजच उरत नाही, आणि दोन्ही आसांना किती जोर द्यायचा हे क्षणाक्षणाला ठरवता येते. गुजरातमधील हंसलपूर येथे बनणाऱ्या सुझुकीच्या ई-विटाराच्या एका आवृत्तीत अशी यंत्रणा आहे. परंतु बॅटरीमुळे त्या आवृत्तीचे वजन पावणेदोन टनांहून अधिक भरते, म्हणजे जिम्नीच्या जवळपास दीडपट. ओसामू यांचे पुत्र आणि कंपनीचे विद्यमान अध्यक्ष तोशिहिरो सुझुकी यांना विजेवरच्या जिम्नीविषयी २०२५ मध्ये विचारणा झाली, तेव्हा तसे केल्यास तिच्यातली सर्वांत चांगली गोष्ट बिघडेल, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ती गोष्ट म्हणून त्यांनी तिच्या वजनाकडे बोट दाखवले.